स्टेटस मराठीत, नोटीस कन्नडमध्ये: गुरुजींवरची कारवाई न्याय्य आहे का?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका सरकारी मराठी शाळेतल्या गुरुजींच्या पत्नीने विचारलं आहे. १७ जानेवारीला, १९५६ च्या गोळीबारात गेलेल्या हुतात्म्यांच्या स्मृतिदिनी, गुरुजींनी व्हॉट्सॲपवर स्टेटस ठेवलं होतं. बेळगावच्या हुतात्मा चौकातला फुलं वाहिलेला फोटो आणि खाली ओळ, ‘सीमाभागातील हुतात्म्यांना अभिवादन. तुमची आठवण जागी आहे.’ कुणीतरी त्याचा स्क्रीनशॉट वर पाठवला. आठवड्याने ‘कारण केळुव नोटीस’, म्हणजे कारणे दाखवा नोटीस, हातात पडली. त्यात म्हटलंय की हुतात्म्यांच्या नावाने राज्याला इशारा देणारा मजकूर पसरवला, नडते नियम, म्हणजे वर्तणुकीचे नियम, मोडले, सात दिवसांत खुलासा द्या, नाहीतर अमानतु, म्हणजे निलंबित, करू. ताई विचारतात, स्वतःच्या फोनवर, शाळा सुटल्यावर ठेवलेल्या स्टेटसवरून नोकरीला हात घालणं न्याय्य आहे का? आणि आता करायचं काय?

ताई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, पहिल्याचं नाही. म्हणून पहिल्यावर जास्त लिहितो. मी वकील नाही. सरकारी नोकरीत होतो. इलाखा विचारणेत, म्हणजे खात्याच्या चौकशीत, आपादित नौकराच्या, म्हणजे ज्याच्यावर आरोप आहे त्याच्या, शेजारी बसून त्याची बाजू मांडायचं काम नोकरीत असताना गळ्यात पडलं ते निवृत्त झाल्यावरही सुटलं नाही. नियमांतच तशी सोय आहे, वकील सहसा घेता येत नाही, पण आमच्यासारखा माहीतगार नोकर शेजारी बसू शकतो. सुरुवातीला प्रकरणं असायची ती गैरहजेरीची, हिशेबाची, फार तर साहेबाशी हुज्जत घातल्याची. आता फाईल उघडली की पहिल्याच पानावर मोबाइलचा फोटो असतो.

आधी एक गैरसमज बाजूला करू. ‘फोन माझा, रिचार्ज माझा, वेळ माझी, सरकारला काय त्याचं?’ हा बचाव मी कितीतरी खुलाशांत वाचलाय आणि तो एकदाही टिकलेला पाहिला नाही. नडते नियम शाळेच्या घंटेबरोबर सुरू होत नाहीत आणि घंटेबरोबर संपतही नाहीत. आपल्याकडे १९६६ ची नियमावली होती, २०२१ मध्ये तिच्या जागी कर्नाटक राज्य नागरी सेवा वर्तणूक नियम आले. राजकारणात भाग घेऊ नये, सरकारच्या धोरणावर जाहीर टीका करू नये, नोकराला न शोभणारं काही करू नये, ही सूत्रं जुन्यात होती तशी नव्यातही आहेत. त्यातलं शेवटचं रबरासारखं. कुणी किती ताणायचं ते ताणणाऱ्याच्या हातात.

न्यायालयांनी दोन्ही टोकांचे निकाल दिलेत आणि ते दोन्ही माहीत असायला हवेत. लोक आपल्याला सोयीचा तेवढा कापून फिरवतात. कामेश्वर प्रसाद विरुद्ध बिहार राज्य या १९६२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सरकारी नोकरीत शिरला म्हणून माणसाचे मूलभूत हक्क दारात काढून ठेवले जात नाहीत. निदर्शनांवरची सरसकट बंदी तिथे रद्द झाली. दुसरीकडे १९९८ चा देवेंद्रप्पा निकाल बघा. तो आपल्याच राज्यातल्या लघुउद्योग विकास महामंडळाचा. कर्मचाऱ्याने महामंडळाच्या प्रमुखाविरुद्ध थेट राज्यपालांना पत्र लिहिलं, वर्तमानपत्रांत निवेदन दिलं आणि नोकरी गमावली. ती कारवाई सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवली. संस्थेच्या हिताला आणि प्रतिष्ठेला बाधक वागणं रोखणारा नियम म्हणजे बोलण्याच्या स्वातंत्र्यावर घाला नव्हे, असा त्याचा मथितार्थ. तेव्हा फेसबुक नव्हतं, पण आज वरिष्ठ ज्या निकालाचा आधार घेतात तो हाच.

अलीकडचा आणि आपल्या कामाचा निकाल त्रिपुरा उच्च न्यायालयाचा, जानेवारी २०२० चा. मत्स्य विभागातली एक कर्मचारी. निवृत्तीला चार दिवस उरले असताना तिला निलंबित केलं होतं. आरोप दोन, राजकीय सभेला गेली आणि फेसबुकवर राजकीय स्वरूपाचा मजकूर टाकला. न्यायालयाने म्हटलं, सभेच्या जागी हजर असणं आणि सभेत भाग घेणं या दोन वेगळ्या गोष्टी. नोकरालाही स्वतःची मतं बाळगायचा आणि नियमांची मर्यादा न ओलांडता ती मांडायचा हक्क आहे. दोषारोप रद्द झाला. त्रिपुराचा निकाल कर्नाटकावर बंधनकारक नाही, पण खुलाशात त्याचा उल्लेख केला की वाचणारा जरा सावरून बसतो, हा माझा अनुभव.

आणि हे फक्त मराठी माणसाच्या वाट्याला येतं असं समजू नका. मे २०२३ मध्ये चित्रदुर्ग जिल्ह्यातल्या होसदुर्ग तालुक्यातल्या एका कन्नड सरकारी शिक्षकाने कोणत्या मुख्यमंत्र्याच्या काळात राज्यावर किती कर्ज झालं याचे आकडे फेसबुकवर टाकले, फुकट योजनांना टोमणा मारला, आणि त्याला निलंबित केलं गेलं. नवं सरकार नुकतंच आलं होतं. तिथे ना सीमाप्रश्न होता ना भाषा. सत्ता कुणाचीही असो, बोट पहिल्यांदा मास्तरावरच रोखलं जातं. मास्तर गावात राहतो आणि सगळ्यांच्या फोनमध्ये त्याचा नंबर असतो.

पण सीमाभागात आणखी एक गाठ पडते. माझ्या मते अन्याय बहुतेक वेळा तिथेच होतो, नियमात नव्हे. लिहिलेलं असतं मराठीत, कारवाई करणारा वाचतो कन्नडमध्ये. मधे भाषांतर करणारा जो माणूस आहे त्याला विचारणेत कुणी साक्षीला बोलावत नाही.

एक प्रकरण सांगतो. एका कचेरीतल्या लिपिकाने स्टेटस ठेवलं होतं, ‘अखेर देव पावला, फाईल हलली.’ फाईल त्याच्या स्वतःच्याच घरबांधणीच्या आगाऊ रकमेची. आनंदात लिहून गेला. कचेरीतल्याच कुणीतरी कन्नड केलं, ‘देवरिगे तलुपितु’. म्हणजे देवाला पोचलं. पावणे आणि पावती यांचं नातं आपल्याला माहीत आहे, म्हणून चूक कुठे झाली ते लगेच कळतं. पण वरच्या साहेबांनी वाचलं ते असं की देवाला पोचलं आणि मग फाईल हलली. देव कोण आणि पोचलं काय, ते सांगायला नको. दोषारोपण पट्टीत, म्हणजे दोषारोपपत्रात, सरळ वाक्य आलं, वरिष्ठांवर लाचखोरीचा जाहीर आरोप केला. विचारणा आठ महिने चालली. सातव्या महिन्यात मी एका निवृत्त कन्नड प्राध्यापकांना साक्षीला आणलं. धारवाडचे होते, मराठी उत्तम. त्यांनी ‘देव पावला’चा अर्थ दोन वाक्यांत सांगितला. विचारणाधिकारी हसले. हसले म्हणजे प्रकरण संपलं. पण लिपिकाचे आठ महिने आणि एक बढती कोण भरून देणार?

आता गुरुजींची ओळ बघा. ‘सीमाभाग’ हा शब्द आक्षेपार्ह असेल तर कर्नाटक सरकारचं स्वतःचं गडि प्रदेश अभिवृद्धी प्राधिकार आहे, त्या नावाचं मराठी काय होतं? सीमाभागच. ‘हुतात्मा’ तर कन्नडमध्येही हुतात्माच. राहिली ‘तुमची आठवण जागी आहे.’ माझा अंदाज सांगतो, कागद पाहिल्याशिवाय शपथेवर सांगणार नाही. ‘जागी’ला कुणीतरी ‘एच्चर’ लिहिलंय. ‘निम्म नेनपु एच्चरवागिदे.’ कन्नडमध्ये एच्चर म्हणजे जागंही आणि सावधही, आणि त्याला एक अक्षर जोडलं की एच्चरिके, म्हणजे इशारा. नोटिशीतला ‘इशारा’ तिथून आला असणार. मूळ ओळीत तो कुठेच नाही. म्हणून खुलाशातलं पहिलं वाक्य हेच हवं: मूळ मराठी मजकूर, त्याचं केलेलं कन्नड भाषांतर आणि भाषांतर करणाऱ्याचं नाव व हुद्दा यांची प्रत द्यावी. हे मागणं उद्धटपणाचं नाही. ज्या कागदावरून आरोप ठेवला तो कागद आपादिताला दाखवलाच पाहिजे, हा विचारणेचा पहिला पाया.

नोटीस कन्नडमध्ये का, यावर मात्र भांडत बसू नका. राज्याची सेवा पत्करली, कन्नड परीक्षा दिली, कचेरीचं कामकाज कन्नडमध्येच होणार. माझा आक्षेप कारवाई कोणत्या भाषेत केली याला नाही, कारवाईच्या मुळाशी असलेला मजकूर कोणत्या भाषेत वाचला याला आहे. उद्या जत किंवा अक्कलकोट तालुक्यातल्या कन्नड शाळेतल्या शिक्षकाला त्याच्या कन्नड स्टेटसवरून महाराष्ट्रातल्या मराठी साहेबाने नोटीस काढली, तर मी त्याच्या शेजारी बसून हेच म्हणेन.

दुसरी गोष्ट, स्क्रीनशॉट. व्हॉट्सॲपचं स्टेटस २४ तासांत जातं आणि सहसा ज्यांचा नंबर आपल्याकडे आहे त्यांनाच दिसतं. म्हणजे तो फोटो काढणारा माणूस परका नाही. माझ्या पाहण्यातल्या अशा तक्रारींमागे भाषाप्रेम क्वचितच होतं. बदलीच्या यादीत कोण पुढे, प्रभारी मुख्याध्यापकपद कुणाकडे, बिसियूटाच्या, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाच्या, तांदळाचा हिशेब कुणी विचारला, असली कारणं निघतात. १ नोव्हेंबरला, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाच्या दिवशी, कुणी सीमाभागातल्या मराठी लोकांच्या काळा दिनाचं काही टाकलं की नोटीस, आणि त्याच दिवशी एखाद्या संघटनेच्या झेंड्यासकट शिव्या टाकल्या तर कुणी बघत नाही, हेही मी पाहिलंय. पण ताई, ‘त्याला सोडलं, मग मलाही सोडा’ असं खुलाशात लिहू नका. दुसऱ्याची चूक माफ झाली म्हणून आपली माफ होते असं कायदा मानत नाही. त्याचा उपयोग वेगळा. कारवाई आकसाने झाली हे पुढे दाखवायचं असेल तर ती उदाहरणं तारखेसह जपून ठेवा.

विचारणेत पुराव्याचा कायदा शब्दशः लागू होत नाही, शंकेपलीकडे सिद्ध करायचीही गरज नसते, संभाव्यतेवर भागतं. म्हणून स्क्रीनशॉटला साठ अटी आहेत असं कुणी सांगितलं तर फार विसंबू नका. तरी तो काढला कुणी, कोणत्या फोनवर, अख्खा आहे की वरचा-खालचा भाग कापलाय, हे विचारायचा हक्क आहेच आणि काढणाऱ्याला साक्षीला बोलावून उलटतपासणी घेता येते. बहुतेक तक्रारदार इथेच गळतात. निनावी पाठवलेलं असतं, समोर यायचं नसतं.

फॉरवर्डचं प्रकरण निराळं. कुणी ग्रुपमध्ये ओढून घेतलं आणि तिथे दुसऱ्याच माणसाने काहीतरी टाकलं, तर ॲडमिनलाही त्याबद्दल आपोआप जबाबदार धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलंय. तो फौजदारी मामला होता, पण तर्क इथेही चालतो. स्वतः पुढे ढकललं असेल तर मात्र ‘मी नुसतं फॉरवर्ड केलं’ हे उत्तर नव्हे.

आता शिक्षेविषयी. १९५७ च्या वर्गीकरण, नियंत्रण आणि अपील नियमांत शिक्षांची उतरंड आहे. वाग्दंडने, म्हणजे आपल्या भाषेत ठपका, तिथून वेतनवाढ रोखणं, पदावनती, सक्तीची निवृत्ती, काढून टाकणं, बडतर्फी. त्या उतरंडीत अमानतु कुठेच नाही. निलंबन ही शिक्षाच नाही, विचारणा नीट व्हावी म्हणून केलेली तात्पुरती व्यवस्था आहे, असं कागद म्हणतो. एखाद्या खेड्यात जाऊन हे कागदाचं म्हणणं सांगून बघा. गुरुजी घरी बसले, पगाराऐवजी निम्म्याच्या हिशेबाने निर्वाह भत्ता सुरू झाला, सोसायटीचा हप्ता थकला, पोरीच्या सोयरिकीची बोलणी लांबली. शिक्षा भोगून झाली आणि मग विचारणा सुरू होते. पैसे खाल्ले असतील, साक्षीदारांवर दबाव येत असेल, तर निलंबन मी समजू शकतो. स्टेटसच्या प्रकरणात सगळा पुरावा म्हणजे एक स्क्रीनशॉट, तो साहेबांच्या फाईलमध्ये आहे, गुरुजी शाळेत शिकवत राहिले म्हणून तो पुसला जाणार आहे का? समाजमाध्यमांच्या प्रकरणातली निलंबनं मला बहुतेक सगळी अन्याय्य वाटतात ती यासाठी, पुढे आरोप खरा ठरो की खोटा. अजयकुमार चौधरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितलं की दोषारोपपत्र न देता निलंबन तीन महिन्यांपुढे लांबवू नये. गुरुजींवर ती वेळ आली तर तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर मांडून ठेवा.

म्हणजे मी नेहमीच नोकराच्या बाजूने असतो का? नाही. एका शिक्षकाने वर्गातल्या पोराला वाचता येत नाही याचा व्हिडिओ काढून टाकला होता. पोराचा चेहरा दिसतोय, मागे बाकीची पोरं हसतायत, वर लिहिलंय ‘आमचं भविष्य’. त्याच्या बायकोने मला बोलावलं, मी गेलो आणि त्याला सांगितलं, चूक कबूल कर, त्या पोराच्या आईला जाऊन भेट, मिळेल ती शिक्षा घे. ठपक्यावर सुटला. माझ्या मते स्वस्तात सुटला. कुणा जातीधर्माविरुद्ध भडकावणारं लिहिणं, कचेरीतला गोपनीय कागद फोटो काढून फिरवणं, आचारसंहिता लागू असताना उमेदवाराचा प्रचार करणं, सहकारी बाईंविषयी अचकट-विचकट टाकणं, इथे कारवाई झालीच पाहिजे. काही ठिकाणी तर ती होत नाही हेच दुखणं आहे.

मधे एक पट्टा असतो आणि सीमाभागातला नोकर त्याच पट्ट्यात उभा असतो. १९५६ च्या १७ जानेवारीला गोळीबारात गेलेल्यांना फूल वाहणं हा शोक आहे. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं अशी कुटुंबं अजून इथेच राहतात. त्याच फोटोखाली महाराष्ट्र एकीकरण समितीच्या मोर्चाची वेळ आणि ठिकाण टाकून ‘या’ म्हटलं, तर तो राजकीय चळवळीतला सहभाग ठरू शकतो, कारण ती समिती निवडणूक लढवते. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल काय लागावा याविषयी मनात मत असणं गुन्हा नाही, पण पगार घेत असताना त्यासाठी रस्त्यावर उतरायला नियम मोकळीक देत नाहीत. मला हे आवडतं असं नाही. तरुणपणी मीही यावरून रात्रभर वाद घातलेत. पण गुरुजींचं स्टेटस या रेषेच्या अलीकडे आहे, आणि अलीकडे आहे हे ठामपणे म्हणता यावं म्हणूनच रेष कुठे आहे ते मान्य करावं लागतं.

कोल्हापूरकडच्या पाहुण्यांनी महाराष्ट्राचं २८ जुलै २०२५ चं समाजमाध्यमांविषयीचं परिपत्रक पाठवलं असेल तर ते बाजूला ठेवा. खासगी आणि सरकारी खाती वेगळी ठेवा वगैरे त्यात आहे, पण ते तिकडच्या कर्मचाऱ्यांना. आपल्या खुलाशात त्याचा आधार घेतला तर ‘हे बघा, अजून महाराष्ट्राचेच नियम पाळतात’ असं म्हणायला आयती संधी.

वाचणाऱ्यांत बँकेतले, वीज कंपनीतले, बसमंडळातलेही असतील. तुम्हाला राज्यघटनेच्या कलम ३११ चं संरक्षण नाही, ते नागरी पदावरच्यांना. तुमचे स्वतःचे सेवानियम असतात आणि दाद मागायची दारंही वेगळी, कामगार न्यायालय किंवा उच्च न्यायालय. सगळ्यात वाईट दशा अतिथी शिक्षकांची आणि ठेक्यावरच्या संगणक चालकांची. त्यांना नोटीसही येत नाही, ‘उद्यापासून येऊ नका’ एवढंच. न्याय्य-अन्याय्य हा प्रश्न खरा त्यांचा आहे, आणि त्यांच्या शेजारी बसायला विचारणेची खोलीच नाही.

आता गुरुजींनी करायचं ते. फोन कुणी हाताळला, पोराने स्टेटस ठेवलं, हॅक झालं, असलं काही लिहू नका. खोटं एकदा पकडलं गेलं की मूळ आरोपाची गरजच उरत नाही. घाबरून ‘क्षमा असावी, पुन्हा होणार नाही’ असंही लिहू नका, ते कबुली म्हणून वाचलं जातं आणि विचारणेशिवायच शिक्षेचा रस्ता मोकळा होतो. फोटो आणि ओळ मूळ रूपात असेल तर जपा, कुणाला दिसत होतं ती सेटिंगही टिपून ठेवा. खुलासा कन्नडमध्येच द्या, शक्यतो शुद्ध कन्नड येणाऱ्या माणसाकडून लिहून घ्या, आणि त्याला मूळ मराठी ओळ आणि तिचं बरोबर भाषांतर जोडा: ‘निम्म नेनपु नम्मल्लि जीवंतवागिदे’ असं काहीसं. नोटिशीतला ‘इशारा’ हा शब्द कोणत्या शब्दावरून काढला ते विचारा. शिकवण्यात, पोरांत, पालकांत या स्टेटसमुळे काही बिघडलं का, तेही विचारा. गावातल्या कन्नड पालकांनी दोन ओळी लिहून दिल्या तर त्या शंभर निकालांना भारी पडतात.

पुढे शिक्षा झालीच तर विचारणेचा अहवाल आधी हातात मिळायला हवा, १९९० पासून तो हक्क आहे. मग वरच्याकडे अपील, आणि तिथेही नाही झालं तर राज्य प्रशासकीय न्यायाधिकरणाचं खंडपीठ बेळगावातच आहे, बेंगळूरला धावायला नको. त्यावर उच्च न्यायालयाचं धारवाड खंडपीठ. पण मला वाटतं तिथवर जावं लागणार नाही.

सात दिवस कमी पडत असतील तर आजच मुदतवाढीचा एक ओळीचा अर्ज द्या, त्यात भाषांतराच्या प्रतीची मागणीही असू दे. अर्ज गुरुजींनी स्वतः आवक टेबलावर द्यावा, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय तिथून हलू नये. टेबलावरचा माणूस म्हणेल, ‘साहेब नाळे बरतारे, नाळे बा.’ साहेब उद्या येतील, उद्या ये. त्याला सांगा, शिक्का साहेबांचा नको, तुझाच चालेल.